खुब्याचं फ्रॅक्चर: पडण्याच्या आधी दहा वर्षं चाललेल्या चुका

सांगलीत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणं हे माझं काम. ऑपरेशन झालेल्या माणसाला पलंगावरून उठवायचं, वॉकर धरायला शिकवायचं, जिना चढवायचा. माझ्याकडे खुब्याची फ्रॅक्चरं पुष्कळ येतात, आणि प्रत्येक घरात दारातच एक वाक्य ऐकू येतं: "पायपुसणं सरकलं हो, नाहीतर काही झालंच नसतं." कधी पायपुसणं, कधी मोरीतला साबण, कधी नातवाची गाडी. आरोपी ठरलेला असतो आणि मी जाईपर्यंत बहुतेकदा त्याला घराबाहेरही काढलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात ज्या काकूंकडे जात होते त्यांचं वय ७४. पहाटे तीनला लघवीला उठल्या, मच्छरदाणीत पाय अडकला, उजव्या कुशीवर पडल्या. उभ्या जागी, स्वतःच्या उंचीवरून. तरण्या माणसाला एवढ्याने निळा डाग पडतो आणि आठवड्यात जातो. काकूंच्या मांडीच्या हाडाची मान मोडली, खुब्याच्या सांध्यातला बॉल, म्हणजे त्या हाडाचं गोल टोक, बदलावा लागला. त्यांना वॉकरवर चालवताना गप्पा व्हायच्या, त्यातून एकेक निघत गेलं. अकरा वर्षांपूर्वी मनगट मोडलं होतं. त्यांच्या आईचाही खुबा मोडला होता. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या कितीतरी वर्षं. रात्री झोपेची गोळी. वजन ४४ किलो. हे सगळं त्या मच्छरदाणीच्या आधीपासून रांगेत उभं होतं, आणि कोणी त्याकडे बघितलं नव्हतं. त्या रांगेबद्दल हे लिहिते आहे.

"मनगटाचं प्लास्टर निघालं, विषय संपला"

मला विचाराल तर सगळ्यात महाग पडणारी चूक ही. पन्नाशी-साठीतली बाई घसरते, पडताना हात टेकते, मनगट मोडतं. सहा आठवडे प्लास्टर, मग बोटांचे व्यायाम, मग पुन्हा पोळ्या लाटायला सुरुवात. डॉक्टर हाड जुळल्याचं सांगतात, घरचे पेढे वाटत नाहीत एवढंच. पण स्वतःच्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तर ते हाड आधीच ठिसूळ होतं असं धरून चालायला हवं. असं एक फ्रॅक्चर झालेल्या माणसाला पुढचं फ्रॅक्चर होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. मनगट पन्नाशी-साठीत मोडतं, खुबा सत्तरीत. मधली दहा-पंधरा वर्षं औषधपाणी करायला मिळालेली असतात आणि ती आपण मनगटाचा एक्स-रे कपाटावर टाकून घालवतो.

मणक्याचं फ्रॅक्चर तर याहून गुपचूप होतं. पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ येते, आठ-पंधरा दिवस मलम चोळलं जातं, दुखणं अंगावर काढलं जातं. नंतर पाठीला बाक येतो, तेव्हा सगळे म्हणतात "वय झालं." तरुणपणापेक्षा उंची चार सेंटीमीटरहून जास्त कमी झाली असेल तर मणका दबला आहे का ते एक्स-रेने बघून घ्यायला हवं. जुन्या ब्लाउजची पाठ आता लांब होते का, साडी पूर्वीपेक्षा जास्त वर खोचावी लागते का, हे घरच्या घरी कळतं.

"गुडघ्यांची झीज आहे, म्हणजे हाडं ठिसूळच"

या दोन गोष्टींची मराठीत कायमची सरमिसळ झाली आहे. झीज सांध्याच्या कूर्चेची होते, ती दुखते. ठिसूळपणा हाडाच्या आतल्या जाळीत असतो आणि मोडेपर्यंत अजिबात दुखत नाही. म्हणून गुडघेदुखीवाल्या काकू कॅल्शियम खात बसतात आणि ज्यांचं काहीच दुखत नाही त्या निर्धास्त राहतात.

दुसरी सरमिसळ रक्ततपासणीची. "रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आलंय" हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. अहो, ते नॉर्मलच येणार. हृदय आणि स्नायू चालायला रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीवर असावंच लागतं, आणि कमी पडलं की शरीर ते हाडातून उचलतं. बँकेतली ठेव मोडून रोजचा खर्च चालवावा तसं. पाकिटात पैसे दिसतात म्हणून ठेव शाबूत आहे असं होत नाही. साध्या एक्स-रेवरही भरवसा नको. त्यात हाड विरळ दिसेपर्यंत तीसेक टक्के तरी गेलेलं असतं.

मग ती शिबिरं. गणपतीच्या मंडपात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये टाच एका यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांत कागद हातात, आणि शेजारच्या टेबलावर गोळ्यांचं पाकीट. टाचेची ती अल्ट्रासाउंड तपासणी फार तर इशारा देते, त्यावरून निदान करायचं नसतं आणि औषध तर नाहीच सुरू करायचं. खरी तपासणी डेक्सा: खुबा आणि कंबरेचा मणका यांची घनता मोजणारा, दहा-पंधरा मिनिटांचा, न दुखणारा स्कॅन. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेलं मोजमाप आजही चालतं. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे १ पर्यंत असेल तर ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा.

पण इथेही एक चूक होते. उणे २.१ आला की लोक सुटकेचा श्वास सोडतात. फ्रॅक्चर होणाऱ्यांत "घनता थोडी कमी" या गटातली माणसं पुष्कळ असतात, कारण स्कोर हा धोक्याचा एक तुकडा आहे. बाकीचे तुकडे प्रश्न विचारून कळतात.

न विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये फ्रॅक्स नावाचं गणित काढलं. वय, वजन, उंची आणि आणखी काही प्रश्नांवरून पुढच्या दहा वर्षांत खुबा मोडण्याची शक्यता किती ते ते सांगतं. इंटरनेटवर फुकट आहे, देशांच्या यादीत भारतही आहे. ते प्रश्न डॉक्टरांनी विचारले नाहीत तर त्यांची उत्तरं आपण होऊन सांगायची.

पहिला म्हणजे आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का. आपल्याकडे याचं उत्तर वेगळ्या शब्दांत मिळतं: "आजी पडली आणि मग अंथरुणातून उठलीच नाही." त्या काळी एक्स-रे निघाला नसेल, पण ती बहुतेक याच वाटेने गेली असणार.

दुसरा वजनाचा. बारीक, हलकी माणसं काटक असतात, हा समज इथे उलटा पडतो. हलक्या शरीरात हाडही कमी आणि पडताना खुब्यावर गादीचं काम करणारी चरबीही कमी. उतारवयात आपोआप वजन उतरत असेल तर "बरं झालं" म्हणू नका.

तिसरा पाळी कधी गेली. ४५ च्या आत गेली असेल तर तो धोका धरतात, कारण इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन गेलं की पहिल्या काही वर्षांत हाड झपाट्याने विरळ होतं. पिशवीच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर ते एका रात्रीत घडतं. बायकांना "पिशवी काढली" एवढंच माहीत असतं, अंडाशयं ठेवली की काढली ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड शोधा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या ऐन तरुणपणी काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने समिती नेमली. चर्चा झाली ती पैसे आणि फसवणुकीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या बायकांच्या हाडांचं काय, हे कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

आमवात, जास्त मात्रेत चाललेली थायरॉईडची गोळी, फिटची काही जुनी औषधं, स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरनंतरची हार्मोन रोखणारी औषधं, रोजची दारू, सिगारेट-बिडी यांचीही नोंद घ्या. तंबाखूच्या प्रश्नाला आमच्याकडच्या बायका "छे, मी कुठे ओढते" म्हणतात आणि सकाळी मिश्री लावतात. निकोटीन तिच्यातूनही रक्तात जातं, तेव्हा डॉक्टरांपासून ते लपवू नका. मधुमेहाचं आणखीच वेगळं. टाइप टू मधुमेहात डेक्साचा आकडा चांगला येतो आणि तरी हाड जास्त मोडतं, कारण हाडाचा दर्जा घसरलेला असतो. त्यात पायाला बधिरपणा आणि अंधुक नजर. अशा माणसाने चांगल्या आकड्यावर विसंबू नये.

गुण लगेच येणारी पुडी

स्टेरॉइडवर वेगळं लिहायला हवं. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिन्यांच्या वर, एवढं झालं की हाडाचा धोका धरला जातो, आणि सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या काही महिन्यांतच होतं. दम्याला, आमवाताला कधी कधी ही गोळी घ्यावीच लागते. ती मनाने बंद करायची नाही, अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. चूक होते ती गोळी सुरू करताना हाडाचा विचार न करण्यात. काकूंच्या फाइलमध्ये दम्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि डेक्साचा एकही कागद नव्हता.

खरी भीती बिननावाच्या पुड्यांची. जत्रेत, बाजारात, ओळखीच्या ओळखीतून मिळणारी सांधेदुखीची किंवा दम्याची पुडी. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही." अशा पुड्या तपासल्या तेव्हा त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. ओळखायची खूण सोपी: वर्षानुवर्षांचं दुखणं दोन दिवसांत गायब, भूक वाढली, चेहरा गोल झाला, पुडी बंद केली की सगळं दुपटीने परत. ती पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा, फेकून देऊ नका.

ऊन, पावडर आणि १२५० चा घोळ

कोवळं ऊन घ्यावं, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. ते मनाला बरं वाटतं, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळी सातला फारच कमी असतात. दहा-अकरानंतरचं ऊन हातापायांवर थोडा वेळ पडलं पाहिजे. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, ते किरण काच अडवते.

मेडिकलमध्ये मिळणारी ६०,००० युनिटची पावडर सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन महिन्यांनी उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रमिष्टासारखं बोलणं, किडनीवर ताण. जास्त म्हणजे चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांवर एक चाचणी झाली, २०१० मध्ये निकाल आला. काहींना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट ड जीवनसत्त्व दिलं होतं. त्या कमी पडायला हव्या होत्या, तर उलट जास्त पडल्या आणि जास्त मोडल्या.

कॅल्शियमच्या गोळीवर १२५० लिहिलेलं असतं ते कॅल्शियम कार्बोनेट, त्यातलं खरं कॅल्शियम ५००. ती जेवणासोबत घ्या. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा आणि लोहाच्या गोळीसोबतही घेऊ नका. मी तर आधी ताट बघते. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. कपभर दुधात २४० च्या आसपास, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या. दोन कप दूध किंवा दही आणि दुपारी एक नाचणीची भाकरी एवढ्यात निम्म्याच्या वर काम होतं. चहातलं दूध मात्र मोजू नका, ते रंगापुरतं असतं. आणि वरण, उसळ, अंडं कमी पडलं तर नुसतं कॅल्शियम काय करणार? स्नायूच नसेल तर तोल कोण सांभाळणार?

पडणं

खुब्याची दहातली नऊहून जास्त फ्रॅक्चरं पडल्यामुळेच होतात, तेव्हा पायपुसण्याला मी उगाच निर्दोष सोडत नाही. पुढे पडणारा हात टेकतो. म्हातारपणी पाऊल मंदावतं, माणूस कुशीवर कोसळतो, आणि मार थेट खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर बसतो.

लोक बाथरूममध्ये दांडी बसवतात आणि औषधांच्या डब्याकडे बघत नाहीत. झोपेची गोळी, ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी, बीपीच्या दोन-तीन गोळ्या, पुरुषांना प्रोस्टेटची गोळी. आडवं असताना एकदम उठलं की बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दुसऱ्या पावलाला माणूस खाली. बीपी एकदा आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. लघवी जास्त करवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर तीच तीन वाजता उठवते.

काकूंच्या घरी मी काय बदलायला लावलं ते सांगते. मच्छरदाणी पलंगाच्या चौकटीला घट्ट अडकवली आणि उठायच्या बाजूला चेन असलेली आणली. पलंगापासून संडासापर्यंत दोन छोटे रात्रीचे दिवे, आपोआप लागणारे. अंगठ्याची सैल स्लीपर गेली, मागून पट्टा असलेली आली. गाऊन पायघोळ होता, चार बोटं वर शिवला. खाली गोधडीवर झोपणाऱ्या नातवाची जागा वाटेतून हलवली. बाथरूममधला दगडी पाट काढून उंच प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि टॉवेलची दांडी काढून भिंतीत पक्की बसवलेली स्टीलची दांडी लावली. टॉवेलच्या दांडीला धरून उठणारी माणसं दांडीसकट खाली आलेली मी पाहिली आहेत. मोतीबिंदू "पिकू दे" म्हणून ठेवला होता, त्याचीही तारीख घेतली.

आणि व्यायाम. फेऱ्या मारणं चांगलं, पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. स्वयंपाकघराचा ओटा धरून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. चहा उकळेपर्यंत होतं. खुर्चीतून हात न टेकवता उठता येतं का ते बघा. येत नसेल तर मांड्यांची ताकद गेली आहे, आणि ती साठीतही परत येते, ऐंशीतही.

पुरुषांबद्दल थोडक्यात. खुबा मोडणाऱ्यांत साधारण चौथा माणूस पुरुष असतो, आणि मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. हा बायकांचा आजार म्हणून आजोबांची तपासणी कोणी करत नाही, बस.

"मुका मार आहे, शेक द्या"

पडल्यावर खुब्यात किंवा जांघेत दुखतंय, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर शंका नको. घोटाळा होतो तो पाय सरळ दिसतो तेव्हा. मोडलेली दोन टोकं एकमेकांत रुतून बसली की माणूस लंगडत चालतोही. मग तेल, शेक, हाडवैद्य, मालीश. चौथ्या दिवशी ती टोकं सरकतात आणि जे दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं तिथे बॉल बदलावा लागतो. एक्स-रे स्वच्छ आला पण वजन टाकताना जांघेत कळ येतेच आहे, तर एमआरआय करायला सांगा. सुरुवातीची बारीक चीर एक्स-रेत दिसत नाही.

"या वयात कशाला ऑपरेशन" हा विचार मायेपोटी येतो, मला कळतं. पण अंथरुणात ठेवलेल्या माणसाला न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. खुबा मोडलेल्यांतला पाचातला एक तरी वर्षभरात जातो. प्रकृती साथ देत असेल तर ४८ तासांच्या आत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करणं, हेच त्यांना वाचवण्याचं साधन.

ऑपरेशननंतरची चूक मी रोज बघते. डिस्चार्ज कार्डावर ड्रेसिंग, टाके, वेदनाशामक, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं असतं. ठिसूळपणाचं औषध नसतं. रॉड घातलेला पाय पक्का झाला, पण दुसरा खुबा, मणके, मनगटं जिथल्या तिथेच आहेत. झोलेड्रोनिक ॲसिड या ठिसूळपणाच्या औषधाचं वर्षातून एकदा घ्यायचं सलाईन खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत दिलं, तर नवी फ्रॅक्चरं ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले, असं २००७ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. किडनीचा रिपोर्ट आणि ड जीवनसत्त्व बघून, दात तपासून ते देतात. टाके काढायला जाल तेव्हा "हाड ठिसूळ होऊ नये म्हणून काय लिहिताय?" एवढं विचाराच. ठिसूळपणावरच दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर त्याची तारीख चुकवू नका. ते मध्येच सोडलं की मणके एकामागून एक दबू शकतात.

काकू आता काठीवर देवळापर्यंत जातात. त्यांच्यासोबत फाइल सांभाळत हिंडणारी त्यांची मुलगी ५१ वर्षांची, आईसारखीच बारीक, पाळी ४३ व्या वर्षी गेलेली. तिला मी डेक्सा करायला लावला. खुब्याचा स्कोर उणे २.६. डॉक्टरांनी ठिसूळपणासाठी ॲलेंड्रोनेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहा-दूध-खाणं काही नाही, नाहीतर गोळी अंगी लागत नाही आणि अन्ननलिका भाजते. तिने वार निवडला रविवार. त्यामुळे त्या घरात रविवारचा पहिला चहा अर्धा तास उशिरा होतो, आणि त्यावरून तिचा नवरा अजून कुरकुरतो.